आर्मेनियातील टाळता येण्याजोगे मृत्यू : चौकशी नेमकी कुठे थांबते?

नमस्कार. आजचा विषय आर्मेनिया हा आहे. लोकसंख्येने जेमतेम तीस लाखांच्या या देशात मोठ्या दुर्घटनांनंतर ‘खरा जबाबदार कोण?’ हा जो प्रश्न अर्धवट सोडला जातो, त्याविषयी आपण बोलणार आहोत.

[पडद्यावर : उत्तर आर्मेनियाचा नकाशा; स्पिताक, लेनिनाकान, किरोवाकान]

७ डिसेंबर १९८८ रोजी सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांनी, शाळांत वर्ग भरलेले आणि कारखान्यांत पाळी सुरू असताना, स्पिताक शहराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे २५ हजार माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा येथे साधारण तेवढ्याच ताकदीचा भूकंप झाला. तेथील मृतांचा आकडा होता ६३. जमीन, वस्तीची दाटी, दिवसाची वेळ हे सगळे वेगळे होते हे मान्य केले, तरी एवढी तफावत केवळ निसर्गाच्या माथी मारता येत नाही.

लेनिनाकान, म्हणजे आजचे ग्युमरी, हे आर्मेनियातील दुसऱ्या क्रमांकाचे शहर. तेथे सोव्हिएत काळात सरकारने नऊमजली इमारतींच्या रांगा उभ्या केल्या होत्या. या इमारतींचे खांब आणि तुळया कारखान्यात ओतून तयार व्हायच्या, जागेवर आणून त्यांच्या सळया वेल्डिंगने जोडल्या जायच्या आणि सांध्यात काँक्रीट भरले जायचे. मजल्यांच्या पोकळ फरश्या तुळयांवर टेकवलेल्या असायच्या; त्या एकमेकींशी आणि सांगाड्याशी पुरेशा बांधलेल्या नसायच्या. जमीन हलली तेव्हा आधी सांधे सुटले आणि मग फरश्या भाकरीच्या चवडीसारख्या एकावर एक बसल्या. अशा ढिगाऱ्यात पोकळी राहत नाही, त्यामुळे आत अडकलेल्या माणसाला श्वास घ्यायलाही जागा उरत नाही. जड क्रेन वेळेवर पोहोचल्या नाहीत आणि लोक डिसेंबरच्या थंडीत हातांनी ढिगारे उपसत राहिले.

आता त्याच शहरातील दुसरे उदाहरण पाहू. संपूर्ण भिंतींच्या मोठ्या काँक्रीट पट्ट्या जोडून बांधलेल्या थोड्या इमारतीही लेनिनाकानमध्ये होत्या. शहर तेच, हादरा तोच, सरकारही तेच. परंतु या इमारती उभ्या राहिल्या. याचा अर्थ तग धरणारे घर कसे बांधायचे हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते. लेनिनाकान गाळाच्या खोल थरावर वसलेले असल्याने तेथे हादरे अधिक लांबले आणि उंच इमारतींना अधिक बाधले; त्यामुळे किरोवाकान (आजचे वानाडझोर) केंद्रबिंदूच्या किंचित जवळ असूनही लेनिनाकानची हानी जास्त झाली. त्यातच या भागासाठी भूकंपाच्या धोक्याची जी पातळी धरून इमारतींचे आराखडे काढले गेले, ती प्रत्यक्षातील हादऱ्यांपेक्षा कमी होती.

मराठी प्रेक्षकांना येथे १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवणे स्वाभाविक आहे. मात्र किल्लारीत माणसे पिढीजात दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली, तर लेनिनाकानमधील घरे अभियंत्यांनी आखलेली, सरकारी शिक्क्याची होती.

आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघाचा भाग होता; अमेरिकेचा दौरा अर्धवट सोडून परतलेले सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांनी बांधकामाच्या दर्जावर जाहीर टीका केली. सिमेंट चोरीला गेले, वाळू जास्त घातली गेली, ही चर्चा तेव्हापासून आजतागायत सुरू आहे, आणि तिच्यात तथ्यही आहे. तरीही मला ती अपुरी वाटते. सांध्याची रचनाच दुबळी असेल, तर प्रामाणिक गवंड्याच्या हातूनही दुबळाच सांधा तयार होणार. सिमेंटचोर सापडला की आराखडा मंजूर करणारा आपोआप सुटतो, आणि म्हणूनच चोरीची गोष्ट सत्तेला सोयीची असते.

[पडद्यावर : गेघार्कुनिक प्रांत]

हेच पुढे सैन्यात दिसते. आर्मेनियात अठरा वर्षांच्या मुलांना सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. १९ जानेवारी २०२३ च्या पहाटे गेघार्कुनिक प्रांतातील आझात गावी बराकीला आग लागली आणि १५ सैनिक जळून मेले. पंतप्रधान निकोल पाशिन्यान यांनी मंत्रिमंडळाच्या बैठकीत सांगितलेले प्राथमिक कारण असे होते की, एका अधिकाऱ्याने पेट्रोल ओतून शेगडी पेटवण्याचा प्रयत्न केला. काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना पदावरून दूरही करण्यात आले. परंतु कडाक्याच्या थंडीतील डोंगराळ भागात, अझरबैजानबरोबरच्या २०२० च्या युद्धानंतर ज्या प्रांताची सीमा नव्याने आघाडीवर आली, तेथे मुलांची झोपण्याची जागा उबदार ठेवण्यासाठी शेगडी पेटवावी लागते, हे त्या रात्री घडलेले नव्हते. ते आधीच ठरलेले होते, आणि ठरवणारे पेट्रोल ओतणाऱ्याच्या कितीतरी वरच्या हुद्द्यावर होते.

युद्ध नसताना, बराकीतील मारहाण, छळ आणि आत्महत्या यांत मुले गमावलेल्या आयांनी येरेव्हानमध्ये सरकारी इमारतीसमोर काळ्या कपड्यांत केलेली निदर्शने याच कारणाने वर्षानुवर्षे चालली. गोळी कोणी झाडली एवढ्यावर त्यांचे समाधान होत नव्हते; त्या सेनापतींची नावे मागत होत्या.

येरेव्हानच्या सुरमालू बाजारात १४ ऑगस्ट २०२२ रोजी फटाक्यांच्या साठ्याचा स्फोट होऊन १६ जण दगावले. गजबजलेल्या बाजारात असा साठा करू देणारी तपासणी म्हणजे तपासणी नसणेच होय, त्यामुळे त्यावर अधिक बोलण्याची गरज नाही.

याउलट तंबाखूचे प्रकरण पाहावे. आर्मेनियातील निम्म्याच्या आसपास पुरुष धूम्रपान करतात आणि हृदयविकार हे देशातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण आहे. येथे बोट दाखवायला सिमेंटचोर किंवा पेट्रोल ओतणारा असा कोणी शेवटचा माणूस नसतो. कदाचित त्यामुळेच सरकारला थेट नियमाकडे वळावे लागले. २०२० मध्ये कायदा झाला आणि मार्च २०२२ पासून कॅफे व उपाहारगृहांत सिगारेट ओढण्यावर बंदी आली. कॉफीबरोबर सिगारेट हा जेथे नित्याचा शिरस्ता होता, तेथे हे सोपे नव्हते.

[पडद्यावर : येरेव्हान आणि गार्नी]

राहता राहिले येरेव्हान. देशातील तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक या एका शहरात राहतात आणि त्यांतील अनेकांची घरे सोव्हिएत काळातील बहुमजली इमारतींत आहेत. शहराच्या जवळच असलेल्या गार्नीच्या परिसरात ४ जून १६७९ रोजी झालेल्या भूकंपाने तेथील प्राचीन मंदिर कोसळले आणि येरेव्हानचीही मोठी पडझड झाली. त्यामुळे या इमारतींपैकी कोणत्या बळकट कराव्या लागतील, कोणत्या पाडाव्या लागतील आणि त्या कागदावर सही कोण करणार, याचे उत्तर हादरा बसण्यापूर्वीच मागावे लागेल.