फाइल्स बेकरीत कशा पोचल्या?

नमस्कार मंडळी! एक कोडं घालतो. कॉम्प्युटरमधली फाइल आणि नानकटाई, या दोघींत साम्य काय? काहीच नाही ना? पण २०१० साली एका प्रोग्रामनं ठरवून टाकलं होतं की फाइल हा बेकरीतला पदार्थ आहे. आणि हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, वाचून वाचून तो स्वतःच शिकला होता!

या प्रोग्रामचं नाव नेल. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल आणि त्यांच्या टीमनं जानेवारी २०१० मध्ये तो सुरू केला. काम एकच: रात्रंदिवस इंटरनेटवरचं इंग्रजी वाचायचं आणि त्यातून माहिती वेचायची. सोबत शिदोरी म्हणून शहर, कंपनी, खेळाडू असे काहीशे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात दहा-पंधरा उदाहरणं. पुढचं तुझं तू बघ.

आता हे कसं चालतं, ते मराठीत करून बघू. पुणे हे शहर आहे, एवढं ठाऊक आहे. 'पुण्याचे महापौर' असं कुठेतरी वाचलं. मग 'नाशिकचे महापौर' दिसलं. म्हणजे नाशिकही शहरच असणार. मग नाशिकच्या आजूबाजूची वाक्यं धुंडाळायची, त्यातून नवे साचे, त्या साच्यांतून आणखी शहरं. दुसरी खूण शब्दाच्या ठेवणीची. सोलापूर, नागपूर, कोल्हापूर... शेवटी 'पूर' आलं की शहर! झकास. मग कापूर? आणि महापूर?

म्हणून नेलमध्ये वाचणारे बरेच जण होते. एक वाक्यं बघायचा, दुसरा वेब पेजवरच्या याद्या आणि तक्ते, तिसरा शब्दाची ठेवण. वर नियमांचा धाक: जे शहर आहे, ते माणूस असू शकत नाही.

तरी बेकरीत घोळ झालाच. ब्रेड, केक, कुकीज, सगळं नीट चाललं होतं. मग नेलनं 'इंटरनेट कुकीज'सुद्धा (म्हणजे वेबसाइट्स आपल्या कॉम्प्युटरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) त्याच कप्प्यात टाकल्या. शेवटी कुकीच ती! त्यानं वाचलं होतं, 'मी इंटरनेट कुकीज डिलीट केल्या.' पुढे वाचलं, 'मी फाइल्स डिलीट केल्या.' झालं! जे डिलीट होतं ते भट्टीतून आलेलं, आणि फाइल्स गेल्या बेकरीत. आधी शिकलेलंच पुढच्या शिकण्याचा मास्तर, त्यामुळे एका कुकीमागून चुकांची रांग लागली.

शेवटी मिचेल यांनी ती कुकी हातानं बाहेर काढली आणि नेलची बेकरीची शिकवणी पुन्हा सुरू केली. हे जमलं, कारण नेलचं ज्ञान कप्प्यांत मांडलेलं होतं. कुठला कप्पा नासलाय ते उघडून दिसायचं. आजचे चॅटबॉटही वाचूनच शिकतात, नेलपेक्षा कितीतरी जास्त. पण त्यांचं शिकणं अब्जावधी आकड्यांत विरघळलेलं असतं. तिथे चुकलेली कुकी काढायची, तर हात नेमका घालायचा कुठे?