गोफण, आतडं आणि कळव्यातला व्हाइटबोर्ड

(टेंभी नाका, सकाळ)

ठाण्यातलं टेंभी नाका. रिक्षावाल्यांची घाई बघा, आणि त्याच गर्दीच्या कडेला हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शार हाशमाईम, १८७९ सालचं. हिब्रूत शार म्हणजे दार आणि शमाईम म्हणजे आकाश, स्वर्ग. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात, २८व्या अध्यायात याकोब स्वप्नातून दचकून उठतो तेव्हा त्याच्या तोंडी हेच शब्द आहेत. इथले बेने इस्राएल ज्यू घरात मराठी बोलतात आणि प्रार्थना हिब्रूत म्हणतात, म्हणजे बायबलच्या जुन्या कराराची मूळ भाषा ऐकायला जेरुसलेमला जायलाच पाहिजे असं काही नाही.

(कळवा, रविवार संध्याकाळ)

हा कळव्यातला हॉल, आठवडाभर इथे ट्यूशन चालते, रविवारी मात्र बायबलमधल्या मूळ शब्दांचा वर्ग. सर उजवीकडून डावीकडे हिब्रू अक्षरं लिहितायत, खेत, तेत, आलेफ. खाता, म्हणजे पाप करणं. आता पाप म्हटलं की आपल्या डोक्यात यमाचा हिशेब, काळी वही वगैरे येतं. पण बायबलच्या शास्ते या पुस्तकात, २०:१६ मध्ये, सातशे डावखुरे गोफणवाले आहेत, केसावर नेम धरला तरी त्यांचा दगड चुकत नाही, आणि हे जे 'चुकणं' आहे ना, तिथे क्रियापद हेच आहे. मागच्या खुर्चीवरचे काका बघा, रुमालाची गोफण करून फिरवून दाखवतायत, लहानपणी ज्वारीवरची पाखरं हाकललेली आहेत त्यांनी. सर लगेच टोकतात, मूळ सापडलं म्हणजे अर्थ सापडला असं नाही, वाक्य बघा. हे बाकी बरं करतात.

दुसरा शब्द ग्रीक, म्हणजे नव्या कराराच्या मूळ भाषेतला. स्प्लांख्ना. आतडी, पोटातले अवयव. येशूला गर्दी बघून जे वाटतं त्याचं क्रियापद यातूनच आलंय, आणि मराठी बायबल तिथे 'कळवळा' म्हणतं. आजच्या इंग्रजीतून वाचणाऱ्याला हे पोट सहसा दिसत नाही, आपण मात्र लेकरासाठी आतडं तुटतं असं रोज म्हणतो, मग इंग्रजीच्या दारातून कशाला जायचं?

हे आधी कोणी केलंच नाही असं नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना वाचता यावं म्हणून, वर्षानुवर्षं तेच काम, १९२२ मध्ये गेल्या तोपर्यंत. छापून आलं १९२४ ला. आजी पदरात गुंडाळून जुनं बायबल घेऊन आल्यात, बोट लूक १५:२० वर थांबलंय, बापाने मुलाला लांबूनच पाहिलं आणि त्याला कळवळा आला ते वाक्य.

दोन घरांनी वर्गाला यायचं बंद केलं, त्यांना ही बायबलची चिरफाड वाटते.

(आजींचा हात, पोटावर. निवेदन नाही.)

पुढच्या रविवारचा हिब्रू शब्द बोर्डवर आहे, रूआख. वारा तोच, श्वास तोच, आत्माही तोच. खाली ट्यूशनच्या पोरांसाठी लिहिलंय, 'पुसू नका'.