जुन्या शिडाच्या होडीचं कॉकपिट: पाय घसरणार नाही असा तळ कसा करायचा

नमस्कार मंडळी! हा पाहा आपल्या होडीच्या कॉकपिटचा, म्हणजे बसून सुकाणू धरायच्या खोलगट जागेचा, तळ.

[कॅमेरा तळाजवळ]

इथं साच्यातच उठवलेली बारीक नक्षी होती. सुकाणू धरणारा जिथं पाय रोवतो, तिथं ती पार गुळगुळीत झालीय. बाकाखाली मात्र शाबूत आहे. बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. ती जेलकोटची, म्हणजे फायबरच्या होडीवरच्या चकचकीत थराची. वर्षानुवर्षं ऊन खाऊन वरचा थर असा सुटायला लागतो.

नागपूरच्या अंबाझरी तलावावर नेव्हल एनसीसीच्या मुलांना शिडाची होडी चालवताना पाहिलंय ना? वाऱ्याचा झोत आला, होडी कलली, की सगळा भार एका पायावर येतो, आणि तोही ओल्या पायावर. म्हणून माझं सांगणं एकच: रंगाचा डबा उघडण्याआधी ठरवा की पाय कुठं पडणार, गुडघा कुठं टेकणार आणि मांडी कुठं घासणार. सगळीकडे सारखा खरखरीतपणा नको. तळाला भरपूर, बाकावर जेमतेम, आणि पाणी वाहून जायच्या पन्हाळीत अजिबात नाही.

आता काम. आधी क्लीट (दोर अडकवायच्या खुंट्या), पुली, बिजागऱ्या, सगळं काढून घ्या. त्यांच्याभोवती टेप लावून रंग मारला, तर त्याच कडेपासून पापुद्रा सुटतो. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं तळ ठोकत जा. ऐका.

[ठोकण्याचा आवाज]

हा टणक आवाज. आणि हा... बद्द. फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा, म्हणजे एक हलकं लाकूड, किंवा प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकातून पाणी शिरलं की ते आतून कुजतं. असा आवाज आला तर रंगाचं काम थांबवा. आधी ते उघडून, वाळवून भरावं लागेल. वरून कितीही भारी रंग मारा, पोकळ ते पोकळच राहणार.

तळ टणक असेल तर धुऊन घ्या, पण धुणं झालं की लगेच घासायला बसू नका. जुन्या होडीवर मेणाच्या पॉलिशचे थर असतात. घासलंत तर तेच मेण ओरखड्यांत जाऊन बसतं. म्हणून आधी सॉल्व्हंटनं पुसा: एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं, आणि फडकी सारखी बदलायची. मग पाणी ओता. पाण्याचे थेंब थेंब झाले तर मेण अजून आहे. पाणी सपाट पसरलं की समजा जमलं.

सपाट भाग 80 नंबरच्या पेपरनं सुरू करून 220 पर्यंत न्या. नक्षीच्या खाचांत पेपर पोचत नाही, तिथं तारेचा ब्रश. केसासारख्या बारीक भेगा दिसतात ना, त्या नुसत्या रंगानं झाकल्या तर पुन्हा वर येतातच. टोकदार अवजारानं इंग्रजी व्ही आकारात उघडा आणि दाट केलेल्या इपॉक्सीनं, म्हणजे दोन भाग कालवून घट्ट होणाऱ्या रेझिननं, भरा. गॅरेजवाले गाडीला भरतात ती लांबी इथं नको. ती पॉलिएस्टरची असते, पाणी ओढून घेते, आणि इपॉक्सीवर नीट धरतही नाही. इपॉक्सी मात्र पॉलिएस्टरवर छान धरतं.

यानंतर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, आणि तो वाळला की पुन्हा हलकं घासायचं.

आता आपल्या नागपूरची गोष्ट, आणि ही नीट ऐका. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. कालवलेलं इपॉक्सी डब्यातच गरम होऊन घट्ट होतं आणि रंग ब्रशखाली ओढला जातो. बरं, सावलीत घेतलं काम आणि समोर कूलर लावला, तर आणखी वाईट! कूलरची हवा दमट. इपॉक्सीवर तेलकट, चिकट साय येते आणि पुढचा थर धरत नाही. साय आलीच, तर साध्या पाण्यानं आणि स्क्रबरनं धुवा, मगच पेपर लावा. माझ्या मते दिवाळीनंतर ते होळीच्या आधी, हाच आपला हंगाम. सकाळचं दव उडालं की सुरू करा आणि दुपारी लवकर थांबा, म्हणजे संध्याकाळच्या गारव्याआधी रंग धरतो. अवकाळी पावसाकडे मात्र लक्ष ठेवा.

आधी गुळगुळीत भागांना टू-पॅक पॉलियुरेथेन, म्हणजे दोन डब्यांतलं कालवून लावायचा रंग. यात आयसोसायनेट नावाचं घातक रसायन असतं, म्हणून घरगुती स्प्रे गन मुळीच नको. त्याचा फवारा फुफ्फुसात गेला तर दम्यासारखा त्रास जडू शकतो. रोलरनं लावा, लगेच ब्रशच्या टोकानं सारखं करा. मास्क, हातमोजे हवेतच. रंग फिका राखाडी किंवा सायीसारखा घ्या. पांढराशुभ्र डोळ्यांवर येतो, गडद पायाला चटके देतो.

तो पक्का वाळला की नॉनस्किडचे, म्हणजे पाय न घसरणाऱ्या खरखरीत भागाचे, पट्टे आखा. प्रत्येक फिटिंगभोवती बोटभर गुळगुळीत जागा सोडा, नाहीतर तिथली घाण निघत नाही. पट्ट्यांचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्याचा रंग आधी उखडतो. मी नाण्याभोवती ब्लेड फिरवून टेप कापतो, असा.

[क्लोजअप: टेपवर नाणं, बाजूनं ब्लेड]

आता खरखरीत दाणे. रंगात कालवले तर तळाशी बसतात, सारखं ढवळावं लागतं. तळासाठी मला शिंपडणंच आवडतं. रंगाचा जाड हात द्या, आणि तो ओला असतानाच भोकाच्या डब्यातून दाणे शिंपडा, खालचा रंग दिसेनासा होईपर्यंत. वाळल्यावर सुटे दाणे झाडा आणि वरून रंगाचे दोन हात द्या. वाळू स्वस्त पडते, पण गुडघे सोलवटते, आणि तिची धूळही वाईट. प्लास्टिकचे गोल दाणे घ्या. बाकावर थोडेच दाणे रंगात कालवून पातळ हात द्या. शेवटचा हात ओला असतानाच टेप काढा, कड स्वच्छ येते.

फिटिंग परत लावताना प्रत्येक भोकाची वरची कड थोडी खोलगट करा आणि स्क्रूभोवती ब्यूटाइल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, गुंडाळा. एका दमात आवळू नका. टेप हळूहळू दबते, म्हणून दोन-तीन दिवस रोज थोडं आवळा आणि बाहेर आलेली टेप कापून टाका.