टाळ-चिपळ्यांतला येशू

(दृश्य : संध्याकाळ. गावातलं जुनं दगडी चर्च. पायरीशी चपलांचा ढीग.)

बाकं भिंतीकडे सरकवलीत, मध्ये सतरंज्या. पेटीने सूर धरलाय, तबलजी हातोडीने तबला लावतोय. बुवा उभे राहिले. डोक्याला फेटा, खांद्यावर उपरणं, हातात चिपळ्या. कपाळाला बुक्का मात्र नाही आणि मागच्या भिंतीवर लाकडी क्रूस आहे.

हे ख्रिस्ती कीर्तन आहे, आणि ते पूर्ण कीर्तन आहे. नमन आहे, पूर्वरंग आहे, उत्तररंगात आख्यान आहे. आज लावलंय बायबलमधल्या, येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राचं आख्यान.

(दृश्य : बुवांचा चेहरा, मग श्रोते.)

धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो. ‘वाटणी’ म्हटल्याबरोबर पुरुषांच्या बाजूला चुळबुळ होते, ती बघा. सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी बोलत नाही, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. पोरगा परमुलखात पैसा उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं राखायची पाळी येते. बुवा साकी, दिंडी अशा कीर्तनातल्या वृत्तांत पदं म्हणतात, मध्येच थांबून विचारतात, ‘आता हा कोणत्या तोंडाने घरी जाणार?’ आणि म्हातारा बाप लांबूनच त्याला ओळखतो. धावत सुटतो.

(निवेदन थांबेल. फक्त टाळ, आणि तिसऱ्या रांगेतल्या आजी.)

ही परंपरा कालपरवाची नाही. अहमदनगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेचं मोठं ठाणं होतं. तिथे कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ताची कथा कीर्तनात उभी केली. त्याही आधी, 1616 मध्ये, गोव्यात रायतूरला फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ छापलं गेलं. लिपी रोमन, भाषा मराठी आणि छंद ओवीचा. जुनी पुराणं सुटलेल्या नव्या ख्रिस्ती माणसांना कानाला ओळखीचं काहीतरी हवं होतं.

(दृश्य : भजनाच्या वहीची पानं, कडा झिजलेल्या.)

पण या वहीतली पानं उलटताना एक नाव पुन्हा पुन्हा येतं : रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म 1861, कोकणातल्या करजगावचा. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे नगरला आले तेव्हा मंडळी इंग्रजी चालींवर मराठी शब्द ताणून बसवलेली गीतं गात होती. टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, कीर्तनं केली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. ते वाक्य आम्ही शब्दशः घेतो. पूल ओलांडल्यावर तो पाडायचा नसतो. त्यावरून पुढच्यांनाही यायचं असतं.

(दृश्य : दुसरं चर्च, कॅथलिक. एक बाई तबकात निरांजन घेऊन वेदीकडे चालली आहे.)

कॅथलिकांच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, असं काही यायला 1969 उजाडावं लागलं. भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमने त्या वर्षी मान्यता दिली. मिस्सेला जमिनीवर बसावं, जोडे बाहेर काढावेत, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार करावा, मिस्सेत आरती असावी. निरांजनाची ज्योत भाकरीभोवती फिरते आहे, ती त्या मान्यतेमुळे. पुढे मिस्सेत उपनिषदांचं वाचन होऊ लागलं. 1975 मध्ये रोमने ते थांबवलं. ज्योत चालली, ग्रंथ चालला नाही.

म्हणजे रेघ कुठेतरी आहेच. ती असू नये, असं आमचंही म्हणणं नाही. ख्रिस्तच मध्यभागी नसेल, तर ते कीर्तन ख्रिस्ती कसलं? पण ती रेघ सतरंजीवर, चिपळीवर, निरांजनावर ओढू नये. या कीर्तनात वधस्तंभ आहे, पुनरुत्थान आहे. वगळलेलं काही नाही. उलट पोथीत बंद असलेला बाप इथे धावताना दिसला.

टिळक स्वतः त्या रेघेपर्यंत जाऊन आले. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथे एका पंगतीला. आता प्रश्न ताल-सुरांचा राहिला नव्हता. बाप्तिस्मा हेच मंडळीचं, म्हणजे चर्चचं, दार, असं मानणाऱ्यांना हे पटणं अवघड होतं. दोन वर्षांत, मे 1919 मध्ये, टिळक गेले. दरबारही फार टिकला नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरलं नाही, अग्नी दिला.

(दृश्य : पुन्हा पहिलं चर्च. आख्यान संपलेलं.)

त्यांचे अभंग मात्र राहिले. मराठी चर्चमध्ये आजही म्हटले जातात, पण बहुतेक वेळा बाकांवर बसून, पुस्तकात बघत. उभं राहून आख्यान लावणारे बुवा आता थोडे उरलेत. आम्ही कॅमेरा घेऊन आलो, तो म्हणूनच.

बुवा फेटा उतरवतायत. तबल्यावर खोळ चढली. पोरं सतरंजीच्या घड्या घालतायत, एक टोक याच्या हातात, एक त्याच्या.

उद्या रविवार, सकाळची उपासना आहे. चार जण मिळून बाकं परत मधोमध आणतात.