पहारेकऱ्याचीही झडती

आज एकाच तक्रारीवर बोलायचं आहे. नागिओस म्हणजे सर्व्हर आणि नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्राम, आपला पहारेकरी. त्याच्या पानावर लाल पट्टी, आणि ज्या मशीनबद्दल ती ओरडते आहे ते मशीन मात्र ठणठणीत. अशा वेळी सगळे मशीनवर तुटून पडतात. मी म्हणतो, आधी पहारेकऱ्याची झडती घ्या.

नागिओस जुना गडी आहे. ईथन गाल्स्टॅड यांनी १९९९ मध्ये नेटसेंट नावाने तो आणला, २००२ मध्ये नाव बदललं. त्याला स्वतःला नेटवर्कमधलं फारसं काही कळत नाही. तो प्लगइन, म्हणजे एकेक गोष्ट तपासणारे छोटे छोटे प्रोग्राम, चालवतो आणि ते कोणता आकडा देऊन संपले एवढंच बघतो. ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ कळलं नाही. सोबतचा मजकूर तुमच्या-माझ्यासाठी. म्हणून 'रिटर्न कोड १२७' दिसला की नेटवर्कच्या वाटेला जाऊच नका, प्लगइनच सापडलेला नाही. १२६ असेल तर फाइल आहे, पण ती चालवायची परवानगी नाही.

मग आपण काय करतो? रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन प्लगइनची तीच कमांड हाताने मारतो. चालते! आणि डोकं धरून बसतो. अहो, नागिओस रूट म्हणून चालतच नाही. त्याच्याच युजरने, सुडो (दुसऱ्या युजरच्या नावाने कमांड चालवायचं साधन) वापरून, प्लगइनचा पूर्ण पाथ देऊन चालवा, दुखणं लगेच समोर येतं. चेक-आयसीएमपी या पिंग करणाऱ्या प्लगइनला रॉ सॉकेट (थेट पॅकेटं पाठवायची वाट, ती रूटलाच मोकळी) लागतं, त्यासाठी फाइलवर सेटयूआयडी बिट (कोणीही चालवली तरी मालकाच्या अधिकाराने चालवणारी खूण) असतो, आणि तो गेला की पिंग बंद. दुसरा प्रकार तर आपणच करून ठेवतो: तपासायला म्हणून रूटने प्लगइन चालवला, त्याने तात्पुरती फाइल रूटच्या मालकीची बनवली, आता नागिओसला तिच्यात लिहिता येत नाही. म्हणजे तपासणीनेच नवा बिघाड.

दूरच्या मशीनवर एनआरपीई असतो, म्हणजे नागिओसच्या सांगण्यावरून तिथले प्लगइन चालवणारा प्रोग्राम, पोर्ट ५६६६. त्याची 'एसएसएल हँडशेक पूर्ण झाला नाही' (सुरक्षित जोडणी जुळली नाही) ही ओळ वाचून माणसं सर्टिफिकेटं उकरत बसतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: मॉनिटरिंग सर्व्हरचा आयपी बदलला आणि अलाउड-होस्ट्स या परवानगीच्या यादीत जुनाच राहिला. दूरच्या मशीनवर जर्नलसीटीएलने सिस्टिमचा लॉग उघडा, तिथे कोणाला दारातून परत पाठवलं ते सरळ लिहिलेलं असतं. लाल पट्टी एकीकडे, खरा लॉग दुसरीकडे.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'टाइमआउट' यांची गल्लत करू नका. पहिल्यात कोणीतरी नकार तरी देतं: सेवा बंद असेल, नाहीतर फायरवॉलचा रिजेक्ट. दुसऱ्यात उत्तरच नाही. तेव्हा त्या मशीनवर टीसीपीडंप हे पॅकेटं दाखवणारं साधन लावा. आत येणारं पॅकेट त्याला तिथल्या फायरवॉलच्या आधी दिसतं. पॅकेट येतंय पण उत्तर जात नाही, तर आधी त्याच मशीनचे नियम बघा. येतच नसेल तर वाट अडलेली आहे.

आणखी एक टाइमआउट असतो. चेक-एनआरपीई, म्हणजे नागिओसकडून एनआरपीईला विचारणारा प्लगइन, मुळात १० सेकंद थांबतो. लोक ते ६० करतात आणि सुटलो म्हणतात. पण एनएफएसचा (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर गेलेला असेल तर डिस्कची जागा बघणारा चेक-डिस्क तिथून जोडलेल्या फोल्डरवर, म्हणजे माउंटवर, अडकतो, पीएसच्या यादीत 'डी' (मध्येच थांबवता न येणाऱ्या) अवस्थेत दिसतो, सक्तीने बंद करणाऱ्या किल मायनस नाइननेही सहसा हलत नाही. दर फेरीला आणखी एक अडकतो. सेकंद वाढवून फक्त रांग लांबते.

एसईलिनक्सचं, म्हणजे लिनक्समधल्या जादा सुरक्षा-नियमांचं, थोडक्यात: त्याने प्लगइन अडवला का, ते ऑडिट लॉगमध्ये बघा. सेटएनफोर्स शून्य करून (नियमांची सक्ती थांबवून) कारण पटलं तर नियम लिहा आणि ते परत एक करा. ते 'परत एक' कोणी करत नाही, म्हणून सांगतोय.

मला लालपेक्षा हिरव्याची भीती जास्त वाटते. कॉन्फिगमध्ये कंस राहिला, रीस्टार्ट फसला, तरी वेब पान जुनंच चित्र दाखवू शकतं. म्हणून रीस्टार्टआधी 'नागिओस मायनस व्ही' ही कॉन्फिग तपासणारी कमांड चालवा, आणि पानावर रंगाआधी 'लास्ट चेक'ची वेळ वाचा. ती वेळ पुढे सरकते आहे की नाही, हे बघायला दुसऱ्या मशीनवर एक क्रॉन (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारं काम) ठेवा. ज्या सर्व्हरवर नागिओस आहे, त्याच सर्व्हरवर तो ठेवून काही उपयोग नाही.