मानेवरचा भांग

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात लालबागहून एक गृहस्थ त्यांच्या ब्रूनोला घेऊन आले. ब्रूनो म्हणजे पांढराशुभ्र, केसांचा गुबगुबीत गोळा. पॉमेरियन म्हणून विकत घेतलेला आणि वाढता वाढता स्पिट्झ निघालेला. आपल्याकडचे बहुतेक पॉमेरियन असेच निघतात, ते असो. गृहस्थांनी खिशातून एक रिकामी प्लॅस्टिकची ट्यूब काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हे औषध बोगस आहे. चार दिवस झाले, गोचीड आहेत तिथेच आहेत."

मी म्हटलं, "कसं लावलंत, ते दाखवा बरं."

त्यांनी दाखवलं. डाव्या हाताने पट्टा धरला आणि उजव्या तळव्याने मानेपासून शेपटीपर्यंत वरच्या वर हात फिरवला. आपली आई रविवारी डोक्यावर तेल थापायची ना, अगदी तसं. मी ब्रूनोच्या पाठीवरचे केस बाजूला केले. केसांची टोकं चिकटून त्यांच्या बटा झाल्या होत्या आणि खाली कातडी कोरडी ठणठणीत. औषध सगळं केसांनी प्यायलं होतं. गोचिडापर्यंत त्याचा वासही पोचला नव्हता.

जनावरांची डॉक्टर म्हणून "औषध लागू पडत नाही" ही तक्रार मी पावसाळ्यात रोज ऐकते. औषध खरोखरच कुचकामी आहे, असं फार क्वचित निघतं. बहुतेक वेळा ते लावलेलं असतं भलत्याच ठिकाणी. म्हणून आज थोडं या थेंबांबद्दल बोलते.

दुकानात यांना स्पॉट-ऑन म्हणतात, लोक नुसतं ड्रॉप्स म्हणतात. यातलं जुनं आणि चलनात असलेलं एक औषध म्हणजे फिप्रोनिल. दहा किलोपर्यंतच्या कुत्र्याच्या ट्यूबमध्ये ते किती असतं, ठाऊक आहे? ०.६७ मिलिलिटर. चहाच्या चमच्याचा सातवा-आठवा हिस्सा. दहा ते वीस किलोला याच्या दुप्पट, वीस ते चाळीसला चौपट. एवढ्याशा औषधाने सगळ्या अंगाचं रक्षण व्हायचं, तर ते सगळीकडे पोचणार कसं? ते काम आपण करायचं नसतंच, कातडी करते. कातडीवर पडलेलं औषध अंगच्या तेलकटपणाबरोबर एक-दोन दिवसांत पसरतं आणि केसांच्या मुळाशी ज्या तैलग्रंथी असतात, त्यांत जाऊन साठतं. मग महिनाभर तेलाबरोबर थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. थोडक्यात, कातडी ही औषधाची टाकी आहे. टाकीचं झाकण न उघडता वरून पाणी ओतलं, तर ते गच्चीवरच सांडणार.

तर आता ब्रूनोच्या मानेवर मी काय केलं, ते सांगते. त्याला टेबलावर उभं केलं. मालकांना पुढून हनुवटीखाली हात धरायला सांगितला. मानेच्या मुळाशी, दोन्ही खांद्यांच्या हाडांमधली जी जागा असते, तिथे कुत्र्याची जीभ कधीच पोचत नाही. तिथे दोन्ही अंगठ्यांनी केस दोन बाजूंना सारले. शाळेत जाणाऱ्या मुलीचा भांग पाडतात, तसा भांग. गुलाबी कातडीची रेघ दिसली पाहिजे. ती दिसेपर्यंत ट्यूब मोडायची नाही. मग ट्यूबचं टोक थेट कातडीवर टेकवायचं आणि दाबायचं. कुत्रा मोठा असेल, तर असेच दोन-तीन भांग पाठीच्या कण्यावर पाडायचे, म्हणजे औषध ओघळून खाली जात नाही. चोळायचं नाही. हात साबणाने धुवायचे. सुकेपर्यंत मुलांना गळामिठी घालू द्यायची नाही. आणि हो, यात स्पिरिट असतं. देवघरात निरांजन तेवतंय आणि शेजारी तुम्ही ट्यूब उघडताय, असं करू नका.

आंघोळीचं पथ्य आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस. आधी का? तर शांपूने अंगचं तेल निघून जातं आणि औषधाला पसरायला वाट राहत नाही. आमच्याकडे उलटं होतं. औषध लावायचं म्हणून सकाळी कुत्र्याला घासून-पुसून आंघोळ, जणू अभ्यंगस्नान, आणि दुपारी ड्रॉप्स!

एवढं सगळं नीट केलं, तरी दुसऱ्या दिवशी गोचीड दिसेल. घाबरू नका. हे औषध गोचिडाला दारातून हाकलत नाही. तो अंगावर चढला, औषधाला लागला की मग मरतो. त्याला ४८ तासांपर्यंत वेळ लागतो. मेलेला गोचीडही काही काळ तोंड रुतवून लटकत असतो. तो चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ ओढावा आणि साबणाच्या पाण्यात टाकावा. नखांवर चिरडू नये. कुत्र्यावरच्या गोचिडातून माणसालाही गोचीडताप होऊ शकतो, म्हणून ते रक्त बोटाला लागू देऊ नका.

आता खरी अडचण. तुमच्या कुत्र्यावर दहा गोचीड दिसत असतील, तर बाकीचे कुठे आहेत? तुमच्या घरात. मुंबईत कुत्र्यावर सापडतो तो तपकिरी गोचीड. याला जंगल, गवत, गोठा काही लागत नाही. वन रूम किचनमध्ये त्याचा संसार सुखाने होतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी तुम्ही पाहिली असेल, हुबेहूब एरंडाची बी. एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस, आणि लॅटिनमध्ये रिसिनस म्हणजे गोचीडच. नाव ठेवणाऱ्याला तीच आठवण झाली होती. तर ही मादी कुत्र्यावरून उतरते आणि भिंतीवर चढायला लागते. दाराच्या चौकटीची फट, स्विचबोर्डाची मागची बाजू, पडद्याची घडी, भिंतीवरच्या कॅलेंडरची पाठ. तिथे ती अंडी घालते, तीही हजारांत, चार हजारांपर्यंत. अंड्यांतून मोहरीहूनही बारीक पिल्लं निघतात, त्यांना सहाच पाय असतात. ती कुत्र्यावर चढतात, पितात, उतरतात, कात टाकतात; पुन्हा चढतात. असं तीनदा. मधल्या काळात उपाशी राहायची वेळ आली, तर मोठा गोचीड महिनोन् महिने राहतो.

म्हणजे एक महिना ड्रॉप्स लावून थांबलात, तर भिंतीतली पुढची पलटण तयारच असते. किमान तीन महिने, खाडा न करता लावायचं. दरम्यान फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवायच्या, कुत्र्याचं अंथरूण आठवड्याला गरम पाण्यातून काढायचं. घरात दोन कुत्री असतील, तर दोघांनाही एकाच दिवशी. एका मोठ्या ट्यूबचे दोन भाग करून काटकसर करू नका, माप चुकतं.

पिसवांची तऱ्हा वेगळी. परळला शिकायला होते, तेव्हापासून मला पिसवेबद्दल जरा जास्तच कुतूहल आहे, आणि त्याला परळचीच हवा कारण असावी. आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे १८८६ पासून आहे, शेजारी जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात ते जनावरांचं रुग्णालय, आणि पलीकडे हाफकिन संस्था. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हाफकिन यांनी लस इथेच, मुंबईत तयार केली. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं आणि पुढे काही वर्षांनी परळच्याच प्रयोगशाळेत त्याचा पडताळा घेतला गेला. ती उंदराची पिसू. तुमच्या कुत्र्यावर असते ती वेगळी, आणि गंमत म्हणजे ती बहुतेक वेळा मांजराची पिसू असते. नाव मांजराचं, मुक्काम कुत्र्यावर.

पिसू चपळ, सहसा दिसत नाही. दिसते तिची विष्ठा: केसांच्या मुळाशी काळी मिरपूड सांडल्यासारखी. ती ओल्या कापसावर घ्या. तांबूस डाग पसरला की समजा पिसवा आहेत, कारण ते पचलेलं रक्त असतं. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालते आणि ती अंगावर चिकटत नाहीत. कुत्रा जिथे झोपतो, तिथे घरंगळतात. तिथे अळी, मग कोष. हा कोष फार चिवट. आत पिसू तयार होऊन बसते आणि वाट बघते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास, यांपैकी काही जाणवलं की बाहेर. मे महिन्यात कुलूप लावून कोकणात गेलेलं कुटुंब जूनमध्ये परततं, दार उघडतं, सामान ठेवतं आणि पाच मिनिटांत सगळे पोटऱ्या खाजवायला लागतात. कुत्रा तर महिनाभर बरोबर गावाला होता, मग पिसवा आल्या कुठून, असं विचारतात. त्या कुठून आल्या नाहीत, त्या घरीच होत्या. तुमची वाट बघत होत्या.

आता एक जरा कठोर बोलते. गेल्या पावसाळ्यात रात्री अकरा वाजता एक मुलगी टॉवेलात गुंडाळून मांजर घेऊन आली. मांजर थरथर कापत होतं, कान फडफडत होते, मग झटके सुरू झाले. घरी लॅब्राडोर होता. त्याच्या ट्यूबमधले उरलेले थोडे थेंब मांजरालाही लावले होते. "सगळ्यांना सेमच असतं" असं कुणीतरी सांगितलं होतं. त्या ट्यूबमध्ये परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक होतं. कुत्रा ते सहज पचवतो, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. आम्ही कोमट पाण्याने, भांड्यांच्या साबणाने ते धुऊन काढलं, झटक्यांवर इंजेक्शनं दिली. दोन दिवसांनी मांजर वाचलं. सगळी वाचत नाहीत. म्हणून खोक्यावर परमेथ्रिन लिहिलंय का, ते बघा. असेल, तर मांजराला थेंबभरही नको, आणि नुकतंच औषध लावलेल्या कुत्र्याच्या कुशीत मांजराला झोपू देऊ नका. माशांची टाकी असेल, तर तीही जपा. घरात ससा असेल, तर त्याला फिप्रोनिल चालत नाही. आणि कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं असेल, तर कुठलेही ड्रॉप्स आधी डॉक्टरांना विचारून.

रॉकेल, फिनेल, कापूर घातलेलं खोबरेल, हे उपाय अजून चालतात. रॉकेलने कातडी भाजते, फिनेल आणि कापूर चाटल्यावर अंगात भिनतात. गोचीड मरतो की नाही, माहीत नाही. कुत्रा मात्र माझ्याकडे येतो.

आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? खाजेसाठी नाही. गोचिडातून अर्लिकिया आणि बबेशिया हे रक्ताचे आजार येतात. कुत्रा जेवण सोडतो, ताप भरतो, हिरड्या पांढुरक्या पडतात. कधी नाकातून रक्त येतं, कधी लघवी कोऱ्या चहासारखी होते. यातलं एक जरी दिसलं, तर ड्रॉप्स शोधत बसू नका. रक्ताची तपासणी करून घ्या, त्याच दिवशी.

सोसायटीच्या वॉचमनच्या खुर्चीखाली झोपणारा कुत्राही यात धरा. पावसात तो जिन्याखाली येतो, त्याच्या अंगावरचे गोचीड लॉबीत उतरतात आणि तुमचा ब्रूनो रोज तिथूनच फिरायला जातो. वर्गणी काढून त्यालाही दर महिन्याला एक ट्यूब लावा. बिस्किटाने मान खाली घालतो, तेवढ्यात भांग पाडून होतो.

राहिला प्रश्न तारीख लक्षात ठेवण्याचा. माझ्याकडे गिरगावातल्या एक आजी येतात, चाळीतल्या दोन खोल्या आणि मोत्या. मोबाइलात आठवण लावा म्हटलं, तर त्यांनी हातच जोडले. पण गेल्या दीड वर्षात मोत्याचा एकही महिना चुकलेला नाही. मी विचारलं, कसं काय जमवता? तर म्हणाल्या, "संकष्टीला लावते. चंद्रोदय होतो, नैवेद्य दाखवते, जेवते, निरांजन विझलं की मोत्याचा भांग. मग तो झोपतो, कुणी त्याला हात लावत नाही." मी मनात हिशोब केला. संकष्टी ते संकष्टी साधारण एकोणतीस-तीस दिवस. बरोब्बर.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. "डॉक्टर, एक विचारू का? उद्या अंगारकी आहे. एक अंगारकी केली की वर्षभराच्या संकष्ट्यांचं पुण्य मिळतं म्हणतात. मग उद्या लावलं, तर मोत्याला वर्षभर पुरेल?"

मी म्हटलं, "नाही हो आजी. पुढच्या संकष्टीला पुन्हा."