तार आणि बोट यांच्यामधला एक मिलिमीटर

(अंबाजोगाई येथे गिटार शिकणाऱ्या मुलांसमोर व त्यांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी ऐकू, मग बोलू. सगळ्यांनी डोळे मिटा. मी गिटारीवर ‘जी’ (G) नावाची कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे काही स्वर, दोनदा वाजवतो.

पहिल्यांदा कसा वाटला आवाज? झगझगीत, हलका, मधेच चट्‌ चट्‌ असा. दुसऱ्यांदा भरदार, खालच्या तारा नीट बोलल्या. आता डोळे उघडा. गिटार एकच आहे. तारा त्याच, हातही माझाच. पहिल्यांदा बोटांत अर्धा मिलिमीटर जाडीचा ‘पिक’, म्हणजे तार छेडायचा छोटा चपटा तुकडा होता, दुसऱ्यांदा दीड मिलिमीटरचा.

या ‘पिक’ला आपल्याकडे जुना शब्द आहे, नखी. सतारवाले बोटात घालतात ती पोलादी तारेची मिजराब, सरोदवाले धरतात तो नारळाच्या करवंटीचा जवा, ही सगळी एकाच कुळातली. लहानपणी आमच्या घरी गोंधळ झाला, तेव्हा तुणतुणं वाजवणाऱ्याच्या हातात मी बोटभर लाकडी काडी पाहिली होती. रात्रभर ती काडी त्यानं कुणाच्या हाती दिली नाही. तेव्हा कळलं नव्हतं, आज कळतं.

मागच्या उन्हाळ्यात लातूरला माझ्याकडे एक मुलगा वडिलांना घेऊन आला. गिटारीचा आवाज पत्र्यासारखा येतो, ही तक्रार. दुकानात त्यांना सांगितलं होतं, ही गिटारच हलकी आहे, दुप्पट किमतीची घ्या. वडिलांनी हरभऱ्याचे पैसे बाजूला काढून ठेवले होते. मी मुलाच्या हातातली नखी पाहिली. एकदम पातळ, टोकाला झिजून करवतीसारखी झालेली. त्याला गोल कडेची, एक मिलिमीटरची दिली आणि म्हटलं, वाजव. वडील माझ्याकडे न बघता गिटारीकडेच बघत राहिले. ते पैसे घरी परत गेले, याचा आनंद मला आजही आहे. आणि एवढी साधी गोष्ट त्यांना आधी कुणी सांगितली नाही, याचं वाईटही वाटतं. म्हणून आज हा विषय घेतला.

आता असं का होतं ते बघू. अंगणातली कपड्यांची दोरी डोळ्यांपुढे आणा. ती एका बोटाच्या टोकानं ओढली, तर बोटापाशी टोकदार कोन होतो. तळहातानं ओढली, तर गोल बाक येतो. गिटारीच्या तारेचंही तसंच. नखी तार बाजूला ओढते आणि सोडते. सोडण्याच्या क्षणी तारेला जितका टोकदार कोन, तितके मूळ स्वराच्या वरचे बारीक स्वर जास्त. कोन गोल झाला की ते वरचे स्वर मिटतात आणि मूळ स्वर पुढे येतो. टोकदार नखीचा आवाज चकचकीत आणि गोल नखीचा मऊ येतो, तो यामुळे. बोटाच्या गराने वाजवलं तर सर्वांत मऊ, कारण तिथे स्पर्शच रुंद असतो.

जाडीचं काम वेगळं. पातळ नखी तारेवर गेली की आधी तीच वाकते, ज्वारीचं ताट वाऱ्यात वाकतं तशी. हाताचा जोर किती का असेना, ती एका मर्यादेपुढे तार ओढूच देत नाही. म्हणून झरझर कॉर्ड वाजवताना सहाही तारा साधारण एका पातळीवर येतात, आणि नखी परत सरळ होताना तारांवर आपटते तिचा चट्‌ असा तालही मिळतो. गाण्याला साथ करताना हा गुण आहे, दोष नव्हे. जाड नखी वाकत नाही. हातात जे आहे ते सगळं तारेत उतरतं. जोर असेल तर जोर, आणि हात कच्चा असेल तर तो कच्चेपणाही. एकेक स्वर वाजवणाऱ्याला ती आवडते, नवशिक्याला अडते.

एक हिशेब मात्र पाठ करा. एकाच मालाच्या नखीची जाडी दुप्पट केली, तर ताठरपणा दुप्पट होत नाही, आठपट होतो. अर्ध्याची एक मिलिमीटर झाली की आठपट. बाजारात 0.73 आणि 0.88 अशा दोन जाड्या शेजारी शेजारी मिळतात, फरक केसाएवढा दिसतो, पण ताठरपणा जवळजवळ पावणेदोन पट. मुलं म्हणतात, सर, एवढ्याशानं काय होतं? एवढ्याशानंच होतं.

हा हिशेब एकाच मालापुरता, हेही लक्षात ठेवा. नायलॉन लवचिक. एक मिलिमीटरची नायलॉनची नखी जितकी वाकते, तितकी त्याच जाडीची सेल्युलॉइडची वाकत नाही. म्हणून नुसता आकडा सांगून नखी मागू नका. माल सांगा, मग आकडा.

मालाची गोष्ट तर फार सुंदर आहे. पूर्वी उत्तम नखी कासवाच्या पाठीची मानत, हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाची. त्यापायी त्या जिवाची इतकी शिकार झाली की 1970च्या दशकात तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. ती यायलाच हवी होती. त्याच्या कितीतरी आधी, 1922 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये लुइजी डीआंद्रेया यांनी सेल्युलॉइडच्या नख्या करायला सुरुवात केली होती. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिती ज्याच्या होत्या तेच. आवाज उबदार, पण पेट लवकर घेतं, देवापुढच्या दिव्याजवळ ठेवू नका. 1981 मध्ये डनलॉप कंपनीची टॉरटेक्स नावाची नखी आली, कासवाच्या पाठीच्या जवळ जाणारा आवाज देण्यासाठी केलेली. तिचा पृष्ठभाग खरबरीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसावर जातो, बोटांना घाम फुटतो, गुळगुळीत नखी निसटते. ती निसटू नये म्हणून मूल मूठ आवळतं आणि मनगटच ताठरतं. त्या दिवसांत मी मुलांना खरबरीत नखीच देतो.

आणि हे ऐका: कासवाची पाठ, आपल्या बैलांची शिंगं आणि तुमच्या बोटांची नखं, तिन्ही एकाच द्रव्याची, केराटिनची. शिंगाच्या नख्या आजही होतात. नखाने वाजवणारे गिटारवादक नखांना इतके जपतात ते उगाच नाही. माणसाने हजार माल शोधले, पण त्याच्या कानाला हवा असलेला आवाज त्याच्या बोटाच्या टोकाशीच होता. मला ही गोष्ट फार हलवून जाते.

कडेचं थोडक्यात सांगतो. खालच्या तीन-चार तारांवर कांस्याची बारीक तार गुंडाळलेली असते. नखीची कड खडबडीत असेल किंवा फार तिरकी धरली, तर तिथे खर्र असा आवाज येतो. पॉलिश पेपरवर कड घासली की तो कमी होतो.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नका. मुदत संपलेलं एटीएम कार्ड घरात असतंच. सगळीकडची कार्डं एका ठरलेल्या मापाची, जाडी 0.76 मिलिमीटर. म्हणजे बरोबर मध्यम नखीची. जुन्या नखीभोवती पेन फिरवा, कात्रीनं कापा, कड घासा. एका कार्डातून तीन-चार सहज निघतात. चिपचा भाग सोडून द्या.

आणखी एक. त्याच नखीनं घोडीजवळ, म्हणजे गिटारीच्या पोटावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीजवळ वाजवलं तर आवाज तीक्ष्ण, साउंड होलवर, म्हणजे मधल्या गोल भोकावर वाजवलं तर गोल. टोक बोटांबाहेर जास्त ठेवलं तर जाड नखीही जरा सैल पडते, कमी ठेवलं तर पातळही ताठ होते. तेव्हा नखी बदलण्याआधी आठवडाभर हे दोन करून बघा.

आता पुढे या. टेबलावर आठ नख्या आहेत, चार मालांच्या. एकानं वाजवायचं, बाकीच्यांनी पाठ फिरवून ऐकायचं आणि कागदावर फक्त पातळ की जाड एवढंच लिहायचं. पालकांनीही यायचं, तुमचे कान लेकरांपेक्षा जुने आहेत. करवंटीची शेवटी घ्या, तिचं टोक कालच घासलंय.